एवारिस्त दाराबाहेर

एवारिस्त सोनियेच्या छातीत पेसमेकर बसवला आणि त्याच्या शेडमध्ये नवीन वेल्डिंग मशीन आलं, हे दोन्ही एकाच वसंतात झालं. मशीनची ऑर्डर त्यानं आदल्या उन्हाळ्यात दिली होती, तब्येत ठणठणीत असताना. येईल येईल म्हणता ते बर्फ वितळायला लागल्यावर आलं. तोवर एवारिस्त धक्क्यावर चक्कर येऊन पडला होता, हॅलिफॅक्सच्या इस्पितळात जाऊन आला होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, आता वेल्डिंग बंद.

"म्हणजे किती दिवस?"

"कायमचं."

"बाई, त्यापेक्षा जेवण बंद करा माझं."

मी तिथेच खुर्चीत बसलो होतो. मी फिरमँ, कॅनडातल्या सेंट मेरीच्या खाडीवरचा वायरमन. एवारिस्तच्या शेडमधली पहिली वायर मी ओढली आणि त्याच्या बायकोच्या, रोझलीच्या, शवपेटीला खांदाही मी दिला. त्यामुळे बाईंचं म्हणणं त्याला गळी उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. परतताना गाडीत मी सांगत होतो, की वेल्डिंगच्या केबलमधून एवढा मोठा करंट जातो, की तिच्याभोवती चुंबक तयार होतं. तुझ्या छातीतली डबी त्यानं फसते. तिला वाटतं, हृदय आपलं आपण नीट चाललंय, आपल्याला काही करायला नको. आणि ती गप्प बसते.

"आणि हृदय?"

"तेही गप्प बसतं, लेका."



त्याची मुलगी ऑदिल तेव्हा आल्बर्टात होती. तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर, पुरुषांच्या छावणीत राहायची, आणि तिचा जोड एक्स-रेखाली धरला तर इन्स्पेक्टरला बोलायला जागा राहत नसे. बापाची बातमी कळल्यावर तिनं पिकअपमध्ये सामान टाकलं आणि अख्खा देश ओलांडून घरी आली. आल्या आल्या तिनं बापाला मिठी मारली, पण जरा तिरकी, छातीचा डावा भाग सोडून.

"काच नाहीये मी," एवारिस्त म्हणाला.

"माहितीये. काच असतात तर तुम्हाला कपाटात ठेवलं असतं."

मशीन बसवायच्या दिवशी मात्र त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. वीज जोडलेली नव्हती तोवर त्याला आत यायला मोकळीक होती, आणि तिचा त्यानं पुरेपूर फायदा घेतला. चेन ब्लॉकच्या साखळीला मशीन लटकत असताना तो खालून हातवारे करत होता. मोठ्या दाराजवळ नको, खारं धुकं आत येतं. ग्राइंडिंगच्या टेबलाजवळ तर नकोच, पंखा लोखंडाची भुकटी आत ओढेल आणि महिन्याभरात पोट भरून मरेल. भिंतीला चिकटवू नका, त्याला मागून श्वास घेऊ द्या. शेवटी जागा त्यानंच ठरवली. जमीन सपाट, कोरडी, आणि छप्पर कधी न गळलेलं असं शेडमध्ये तेवढं एकच ठिकाण होतं.

मी जवळच्या खांबावर मेन स्विचची पेटी ठोकली, वेल्डरनं मशीनपाशी उभं राहून हात लांब केला की पोहोचेल अशी. मग मशीनचं झाकण उघडून आतल्या पट्ट्या पाहिल्या. कारखान्यानं त्या कमी व्होल्टवर लावून पाठवल्या होत्या. आमच्याकडे सहाशे. तशीच वीज दिली असती तर पहिल्याच क्षणी धूर.

"बघ, मी म्हटलं होतं बघ म्हणून," एवारिस्त म्हणाला.

"तू काहीही म्हटलं नव्हतंस."

"मनात म्हटलं होतं. आता हिरवी वायर आधी."

"मला अर्थिंग शिकवतोस?"

"शिकवत नाही रे. बोलायला मिळतंय म्हणून बोलतोय."

ऑदिलनं वाकून केबलच्या टोकांना स्पॅनर लावला.

हिरवी वायर आधी लागली, मग तिन्ही फेज. मी मीटर लावून तपासलं, झाकण बंद केलं. ऑदिलनं रबराची चटई पसरली, जवळचे पेंटचे डबे आणि जुनी दोरखंडं बाहेर टाकली, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं, हातमोजे कोरडे आहेत का ते पाहिलं. एका जाड पत्र्याचा कोपरा घासून चकचकीत केला आणि अर्थिंगचा चिमटा तिथे लावला, जोडायच्या जागेच्या अगदी शेजारी. लांब लावला तर करंट वाट शोधत कुठूनही फिरतो, कधी बेअरिंगमधून, कधी साखळीतून. हे सगळं ती करत असताना एवारिस्त मान डोलावत होता. टोकायला त्याला काही सापडत नव्हतं, आणि त्याचंच त्याला वाईट वाटत असावं.

"पपा," ती म्हणाली, "आता बाहेर."

तो गेला. बाहेर लॉबस्टरच्या पिंजऱ्यांची चळत होती, तिच्या कडेला एका उलट्या पेटीवर बसला. मी मेन स्विच ओढला, पंखा घुमायला लागला आणि ऑदिलनं रॉड टेकवला. मी बाहेर आलो तेव्हा एवारिस्तनं डोळे मिटले होते. आतून कढईत चरबी तडतडल्यासारखा आवाज येत होता. खिडकीच्या काचेवर निळा उजेड थरथरत होता, तो त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर पडत होता.

"रॉड जरा लांब धरतेय," तो पुटपुटला. मग आवाज बारीक, एकसारखा झाला. "हं. आता बरोबर."

"सांगू तिला?"

"सुधारलं की तिनं. काय सांगणार?"

थोड्या वेळानं म्हणाला, "फिरमँ, तुला सांगून कळायचं नाही. मास्कच्या काचेआड सगळं जग काळं होतं. बाकी काही दिसत नाही, ना बिल, ना घर, ना कोण मेलं ते. फक्त नखाएवढं वितळलेलं लोखंड. ते तुझ्या हाताबरोबर चालतं. रोझली गेली त्या हिवाळ्यात मी तिथेच राहत होतो."

दारातून मास्क लावून बघ, असं मी एकदा सुचवलं. त्यानं बघितलं. लांबून नुसता पांढरा ठिपका दिसतो, वितळलेलं लोखंड दिसत नाही. ऑदिलनं मोबाइलवर चित्रण करून दाखवलं, तर म्हणाला, "हे म्हणजे कुणीतरी जेवतानाचा फोटो झाला." त्यानंतर तो शेडकडे फिरकेनासा झाला. धुकं असो, ऊन असो, धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. वाटेत भेटला की मला विचारायचा, मशीन कसं आहे? जसं आजारी माणसाबद्दल विचारावं तसं.

जूनमध्ये तादेची बोट धक्क्याला लागली. तादे समुद्राच्या तळाचे शिंपले ओरबाडणारा कप्तान. त्याच्या तळावरून ओढायच्या लोखंडी फणीची चौकट तडकली होती आणि भरतीला त्याला निघायचं होतं. ऑदिल गॅसच्या टाक्या आणायला जवळच्या यारमाथ शहरात गेली होती.

"एवारिस्त, वीतभर तडा आहे रे," तादे म्हणाला. "तुझ्यासाठी काय, चहा निवायच्या आत होईल."

"मला बंदी आहे."

"कोण बघतंय?"

हे तादेनंच मला नंतर सांगितलं, रडत. म्हणाला, एवारिस्तनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर पाय शेडकडे निघालेही होते. त्यानं आपला जुना मास्क खुंटीवरून काढला, आतली धूळ बाहीनं पुसली. केबल नेहमीच्या सवयीनं खांद्यावर टाकली. मेन स्विच ओढला, करंट कमी ठेवला, त्याला वाटलं तेवढ्यानं डबी फसणार नाही. रॉड टेकवला. तादे म्हणाला, मास्कखाली तो हसत होता, आवाजच येत होता हसण्याचा.

मग हसणं थांबलं. रॉड चौकटीलाच चिकटला, त्याचा होल्डर हातातून सुटला आणि एवारिस्त गुडघ्यांवर आला.

तादेला मशीनमधलं काही कळत नाही, पण त्याला स्विचची पेटी दिसली. त्यानं स्विच खाली खेचला, खांद्यावरची केबल ओढून फेकली आणि एवारिस्तला काखेत धरून गवतावर आणलं. करंट थांबल्यावर डबीनं आपलं काम पुन्हा सुरू केलं. ऑदिलची पिकअप वळणावर आली तेव्हा तो बसून श्वास घेत होता, तोंड राखेसारखं.

इस्पितळातून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डबी शाबूत होती. डॉक्टरीणबाईंनी या वेळी समजावलं नाही, ऑदिलकडे पाहून फक्त हात जोडल्यासारखं केलं. ऑदिलनं वाटेत दुकानातून एक लाल कुलूप घेतलं. मी शेडमध्येच होतो. तिनं मेन स्विच बंद केला, दांड्याच्या भोकातून कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"कुलूप?" एवारिस्त म्हणाला. "माझ्या शेडमध्ये मलाच?"

"मशीन कुणी उघडलं असेल तर दुसऱ्यानं चालू करू नये म्हणून स्विचला कुलूप घालतात, हे मला कुणी शिकवलं?"

"ते वेगळं. ते जीव वाचवायला."

"मग हे कशाला आहे?"

ती थांबली नाही. आवाज चढला नव्हता तिचा.

"पपा, मी लहान असताना याच दाराबाहेर उभी राहायचे. तुम्ही ओरडायचात, डोळे झाक, आत येऊ नकोस. मी डोळे झाकायचे आणि वाट बघायचे. मोठी झाले की पपाशेजारी उभी राहून काम करीन, एवढंच ठरवलं होतं मी. आल्बर्टात प्रत्येक जोड मारताना वाटायचं, हा त्यांना दाखवीन. मी तुमची शेड चालवायला नाही आले. तुमच्याबरोबर काम करायला आले होते."

एवारिस्त मशीनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी टूलबॉक्स आवरायला लागलो.

"तादेची फणी अजून तशीच आहे?" त्यानं विचारलं.

"तशीच. तुम्ही अर्धवट करून ठेवलंत ते खरवडून काढावं लागेल आधी."

"जोड वाईट झालाय का?"

"पपा, भयंकर झालाय."

तो हसला. त्या दिवसांत पहिल्यांदाच. "कुलूप आहे तोवर तर मी आत येऊ शकतो ना?"

तिथून ते सुरू झालं. कुलूप लागलेलं असलं की एवारिस्त आत. आपला फसलेला जोड त्यानं छिन्नीनं काढला, तडा टोकापर्यंत शोधला, कानशीनं कडा तिरप्या केल्या, चौकट गुण्या लावून काटकोनात धरून शिकंजे आवळले, खडूनं खूण केली: इथून सुरू, इथे थांब, मग उलट बाजूनं, नाहीतर चौकट वाकेल. मग हात पुसून तो बाहेर पिंजऱ्यांपाशी यायचा. तो बसलेला दिसला की ऑदिल कुलूप काढायची, काम करायची, पुन्हा कुलूप घालायची आणि हाक मारायची. मग तो परत आत. एकाच चौकटीवर दोघांचे हात, पण एका वेळी नाहीत. तादेला एक भरती चुकवावी लागली आणि त्यानं चकार शब्द काढला नाही.

आता वर्ष होऊन गेलं. खाडीवरची कामं तशीच होतात. लोकांना सवय झाली आहे: बाप बाहेर आला की लेक आत, लेक थांबली की बाप आत. अजूनही तो पेटीवर बसतो तेव्हा त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप सरकत असतो, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मी बघितलं की तो थांबवतो. म्हणून मी बघत नाही.

परवा रविवारच्या रापूरसाठी, आमच्याकडे बटाटे किसून भाजतात त्या पदार्थासाठी, बटाटे घेऊन मी त्यांच्याकडे निघालो होतो, तर शेडमध्ये काम चालूच होतं. तडतड थांबली, कुलपाचा खटका ऐकू आला.

"पपा, या."

मी मागोमाग गेलो. एवारिस्तनं हातोडीनं जोडावरची स्लॅगची खपली उडवली, ब्रश मारला, आणि जोडाच्या वर तळहात धरला, न टेकवता, जसा थंडीत शेकोटीवर धरतात.

"सांग," तो म्हणाला.

ऑदिलनं मास्क वर केला होता, कपाळावर घामाची रेघ होती. सुरुवातीला या 'सांग'ला ती "चांगला झाला" एवढंच सांगायची, आणि त्याचा चेहरा पडायचा. आता ती पाणी पिते, जवळ बसते आणि सांगते.

"सुरुवातीला लोखंड रुसलं होतं. पसरेचना. मी थांबले जरासं. मग दोन्ही कडा ओल्या झाल्या, आधी तुमच्या बाजूची."

"मी तिकडे जास्त तासलं होतं."

"हो, म्हणूनच. मग मध्ये गोल झालं, संत्र्यासारखं. मागून कातडी धरत येत होती, आणि पुढे एकदम काचेसारखं झालं."

"हललं का?"

"एकदा. वारा आला दारातून."

"मग?"

"मी त्याच्याबरोबर गेले."

एवारिस्तनं डोळे मिटून घेतले. हात अजून लोखंडावरच धरलेला होता. मी बटाट्यांची पिशवी दाराशी ठेवली आणि चूल पेटवायला घराकडे गेलो. त्यांना अजून वेळ लागणार होता.