चित्रातला जाळ

मी राजदीप, सावली गावच्या शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर. चांदण्यातलं जंगल रंगवायचा मला नाद आहे, आणि नादाहून मोठी फुशारकी आहे. यंदा फागुनाच्या पुनवेला, उजाडायच्या आधी, रानाकडेच्या गावातल्या बुधरीबाईच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. ती विकायला फुलं वेचत होती. चांदणं इतकं लख्ख, की झाडाचे दोन्ही फाटे वेगवेगळे मोजावेत. घरी येऊन ते सगळं ॲक्रिलिकमध्ये उतरवलं.

ॲक्रिलिकची एक खोड आहे, वाळलं की रंग काळवंडतो. ओला असताना सुरेख वाटलेला निळा वाळल्यावर पाहिला, तर अगदी गारठलेला. कुठंतरी ऊब हवी होती. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतातच लोक. मी बुधरीच्या हातात पेटती काडी दिली आणि पायाशी नारिंगी जाळ काढला. चित्र जिवंत झालं.

गडचिरोलीच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. जंगलखात्याचे एक साहेब बराच वेळ चित्रासमोर उभे होते. त्यांनी बाई कोण म्हणून विचारलं. मी छाती फुगवून नावगाव सांगितलं, वर म्हणालो, जसं दिसलं तसंच काढलंय. पुनवेच्या आठवड्यातच तिकडचं जंगल जळालं होतं. मला ते ठाऊक होतं, पण कौतुकात आठवलं नाही.

चार दिवसांनी तिचा नवरा सुकलू आला. बुधरीला चौकशीला बोलावलं होतं, आणि चौकशी संपेपर्यंत त्या झाडाकडे फिरकायचं नाही असं बजावलं होतं. हात मी दाखवला आणि अवलक्षण तिच्या कपाळी आलं. जाळ माझ्या मनचा आहे, एवढंच मला सांगायचं होतं. पण मग बक्षिसाचं काय, लोक काय म्हणतील? मी पंधरा दिवस गप्प बसलो. आज लिहितानाही लाज वाटते. ओल्या फडक्यानं जाळ पुसून पाहिला, पण वाळलेलं ॲक्रिलिक पुसत नाही.

शेवटी चित्र घेऊन तिच्या अंगणात गेलो आणि सगळं कबूल केलं. ती चित्राकडे पाहत राहिली.

"चांदणं बराबर काहाडलं, गुरुजी," ती म्हणाली. "पन जाळ त तुमाले पायजे होता. मंग मले काऊन धरायले देल्ला?"



दुसऱ्याच दिवशी साहेबांना लेखी जबाब दिला. आग पाहिली नाही, चित्र खुलावं म्हणून काढली. ते हसले आणि बुधरीला मोकळीक दिली. बक्षीसही मी परत केलं, कुणी मागितलं नव्हतं तरी.

ती टोपली घेऊन निघाली तेव्हा मदतीला म्हणून मीही मागे गेलो. मोहाला तांबूस पालवी फुटली होती, फुलांचा बहर सरला होता. खाली गुरांनी तुडवलेली, आंबलेली फुलं पडली होती. बुधरीनं बसून त्यातली चांगली तेवढी निवडली. टोपलीचा तळही झाकला नाही.