सव्वादोनची बांगडी

बांगडी काही निघेना.

जादूगार हितेंद्रने ती आधी गोल फिरवली, मग ओढली, मग दातओठ खाऊन ओढली. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या सभागृहात पाचशे माणसं पोट धरून हसत होती. हसणारच. तासभर हा पठ्ठ्या असंच करत होता. रुमालातून कबुतर काढायला जावं आणि बनियन निघावं, पत्ता ओळखायला जावं आणि बायकोचा फोन यावा. आता त्याने पुढच्या रांगेतल्या एका पोरीची हिरवी काचेची बांगडी मागून घेतली होती, नवरीसारखा लाजत-मुरकत ती मनगटात चढवली होती, आणि रुमालाखाली गायब करून दाखवणार होता.

सातव्या रांगेत भटू कासार तेवढा हसत नव्हता.

"हाई नाटक नई शे," तो बायकोला म्हणाला. "बांगडी खरंच अटकनी."

"तुमले बरं समजस!" कोकिळाबाई डोळे पुसत म्हणाली.

"बांगडीनं माप सव्वादोननं शे. अंगठा देख तेना. सुजना."

त्याला नाही समजणार तर कुणाला? पारोळ्याच्या बाजारात अडतीस वर्षं त्याने बांगड्या भरल्या होत्या. अख्ख्या तालुक्याच्या बायांचे हात धरले आणि एकाही नवऱ्याने डोळे वटारले नाहीत, उलट बसवून चहा पाजला. हे भाग्य आमदाराला तरी आहे का, असं तो चारचौघांत विचारायचा आणि कोकिळाबाई पदर तोंडाला लावायची. लग्नघरात रडत बसलेली पोर त्याच्याकडून चुडा भरून हसतच उठायची.

पण गेल्या महिन्यात एका नवरीचा चुडा भरताना त्याचा उजवा हात थरथरला. काच तुटली, पोरीच्या मनगटावर रक्ताची रेघ उठली. तिची आई नाही नाही ते बोलली. त्या दिवसापासून भटूने पेटी उघडली नव्हती. लेक रूपाली देवपुरातच राहायची. अण्णा जरा हसतील म्हणून तिनेच ही दोन तिकिटं काढली होती.

रंगमंचावर हितेंद्रने हातोडी उचलली. "ताई, फोडू का? डझनभर नव्या घेऊन देतो!"

"फोडा! फोडा!" लोक ओरडले.

जिची बांगडी होती ती ज्योती उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. "नका ना भाऊ फोडू. आमचे हे आजच केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला निघालेत. तेवढी नका फोडू."

पुढच्या दोन रांगांतलं हसू अर्ध्यावरच थांबलं.

कासाराच्या तोंडी बांगडी 'फुटत' नाही, 'वाढते'. त्या एका शब्दावर भटूने आजवर कितीतरी बायांची समजूत घातली होती. पण या पोरीचं शब्दावर भागणार नव्हतं. तो उठला.

कोकिळाबाईने सदरा धरला. "कोठे चालनात? हात कसा शे तुमना?"

"शे तसा शे."

त्याला पायऱ्या चढताना बघून हितेंद्र दातांतल्या दातांत म्हणाला, "बाबा, खाली जा. शो चालू आहे."

"चालूच राहू द्या. मी पारोळ्याचा कासार आहे."

जादूगाराच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. "खरंच अडकलीय हो."

"माहितीये. तोंड हसरं ठेवा."

भटूने साबण मागितला नाही की तेल मागितलं नाही. मागितलं असतं, तर जादूगाराची फजिती पाचशे जणांना कळली असती. त्याने जादूगाराचाच रेशमी रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. खाली त्याचा अंगठा तळव्यात दुमडला, गाठीवर दाब दिला. हितेंद्रचा हात लाकडासारखा ताठ. आणि भटूचा स्वतःचा उजवा हात थरथर कापत होता. बरं तर बरं, वर रुमाल होता.

मग त्याने अडतीस वर्षं केलं तेच केलं. बोलायला लागला.

"लग्न झालं का साहेब?"

"झालं."

"बायको कुठली?"

"चाळीसगावची."

"शेवभाजी जमते का तिला?"

लोक हसले. हात मात्र ताठच. भटूने एकदम वर बघितलं. "साहेब, टोपीवर कबुतराने काय केलं हे?"

"कुठं?" हितेंद्रने मान वर केली आणि हात लोण्यासारखा सैल पडला. तेवढ्या एका श्वासापुरती भटूच्याही हाताची थरथर थांबली.

रुमाल झटकला. बांगडी अख्खी, चिमटीत चमकत होती.

सभागृह दणाणलं. हितेंद्रही पक्का. "माझे गुरुजी! खास पारोळ्याहून बोलावलेत!" असं ओरडून त्याने वाकून नमस्कार केला आणि वाकल्या-वाकल्याच म्हणाला, "आयुष्यभर मी लोकांना भलतीकडे बघायला लावतो. मला आजवर कुणी लावलं नव्हतं."

"मीही तेच करतो साहेब. फक्त तिकीट लावलं नाही."

तो बांगडी ज्योतीच्या तळहातावर ठेवणार, तर तिने मनगटच पुढे केलं. "भरून द्या ना, आबा."

आता वर रुमाल नव्हता. तरी भटूने तिची बोटं जुळवून धरली.

"गाडी कुठवर पोचली, बेटा?"

"सेंधव्याला चहाला थांबले होते. म्हणाले, तिथं..." ती सांगतच राहिली, आणि खाली बघितलं तर बांगडी मनगटात.

भटू परत आला तेव्हा मागच्या रांगेतली बाई कोकिळाबाईला विचारत होती, "तुमचे का हे?"

"मग! माझेच," कोकिळाबाई म्हणाली. आवाज सात रांगा पुढे जाईल असा.

दिवे मंद झाले. खेळ पुढे सुरू झाला. भटूचा हात गुडघ्यावर पुन्हा थरथरू लागला. कोकिळाबाईने तो उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळवली आणि दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला.

रंगमंचावर रुमालातून एकदाचं खरं कबुतर उडालं. पाचशे माणसांनी वर बघितलं. कोकिळाबाईने नाही.