पहिल्या गिअरमध्ये मागे

मित्रांनो, हे जग माझ्यामुळे पुढे जातं. निदान ताईंच्या रोपवाटिकेपुरतं तरी. तेही गेले चार महिने गेलेलं नाही, कारण मी तीन परातींत पडून होतो. मी एका छोट्या ट्रॅक्टरचा जुना गिअरबॉक्स आहे.

अठरा वर्षं मी रोपं, माती, खत ओढलं. "गुणाचा आहे हो," असं ताई माझ्याविषयी चारचौघांत म्हणायच्या. धाकट्या भावाविषयी म्हटलेलं मी ऐकलं नाही. हा भाऊ मिस्त्री.

मी कुरकुरू लागलो तसं त्याने मला उघडलं. त्याची एक शिस्त होती: जो भाग ज्या क्रमाने निघेल, त्याच क्रमाने पोत्यावर मांडायचा. मांडून तो जेवायला गेला. ताईंना पसारा बघवत नाही. त्यांनी माझा भाग न् भाग रॉकेलने धुतला आणि वर्गातल्या मुलांसारखा उंचीप्रमाणे तीन परातींत लावला.

भाऊ परतला. "ताई, हे काय केलंस?"

"आवरलं. आभार नको मानूस."

पुढे चार महिने तो "उद्या बसवतो" म्हणत राहिला. शेवटी ताईंनी निर्वाणीचं सांगितलं, दुपारपर्यंत चालला तर आपला, नाहीतर भंगारात. सकाळीच भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात हजर. वितळायची माझी मुळीच तयारी नव्हती.

भावाने भराभर हात चालवले. शाफ्ट आत, बेअरिंग आत, झाकण बंद. ताई सीटवर चढल्या, पहिला गिअर टाकला आणि मित्रांनो, आम्ही सुसाट निघालो! मागे. कुंड्यांची एक रांग गेली. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठे पुढे सरकलो.

"चार गिअर मागे, एक पुढे," ताई उतरत म्हणाल्या. "अगदी तुझ्या शाळेसारखं."

"क्राउन चुकीच्या बाजूला बसला गं." क्राउन म्हणजे माझ्या पोटातलं सर्वांत मोठं दातेरी चाक. भावाने मला पुन्हा उघडलं. "ते फिरवतो. पण या पातळ चकत्या कुठल्या बाजूच्या, तेच कळत नाही."

ताईंनी एक चकती उन्हात धरली. "ही या कडेला घासलीय. हिला घासणारा शोध. माझ्या डब्यांची झाकणं मी अशीच ओळखते."

अठरा वर्षांची झीज आमच्या अंगावर पत्त्यासारखी लिहिलेली होती. वाचणारं कुणी भेटलं नव्हतं. मग काय, चकती चकतीला भेटली, दात दाताला. भंगारवाला डबा खायचं सोडून बघायला आला.

पुन्हा पहिला गिअर. पुढे! दुसरा, तिसरा, चौथा, थेट फाटकापर्यंत. टेम्पो भंगारवाल्यालाच मागे घ्यावा लागला, आणि बिचाऱ्याकडे मागे जायला एकच गिअर.

"गुणाचा आहे हो," ताई म्हणाल्या. भावाने मान वर केली. "तू पण," त्या म्हणाल्या.

तेव्हा मित्रांनो, यंत्र उघडलंत तर मांडलेला क्रम मोडू नका, आणि मोडलाच तर झिजलेल्या कडा नीट पाहा. आणि हो, कुणीतरी तेवढं माझं खालचं बूच अर्धा आटा आवळा. तेल ठिबकतंय, गुदगुल्या होतात.