पप्पांचा डावा पाय

"तुमचा येशू रोज व्यायामशाळेत जातो की काय?" फादरांनी विचारलं. त्यांच्या हातातला चहाचा कप हिसकावून घ्यावासा वाटला मला. पण खोटं कुठे बोलत होते ते? माझ्या शेडमध्ये मधोमध तो लाकडाचा, माणसाएवढा, क्रुसावरचा ख्रिस्त उभा होता. दंड भरलेले, छाती फुगलेली. चर्चचं काम मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं खेटे घातले होते, आणि मिळालं तर मला मरणारा माणूसच जमेना.

"प्रार्थना करून बघा," जाताना फादर म्हणाले.

घ्या! प्रार्थना येत नव्हती म्हणून तर मी लाकडाच्या नादी लागले. लहानपणापासून नुसते ओठ हलवत आले, पलीकडे कुणी ऐकतंय असं कधी वाटलंच नाही. लाकूड कोरायला पटाशी हातात धरली की मात्र वाटायचं, असेलही कुणीतरी.

त्याच सुमारास पप्पा अंथरुणाला खिळले. पप्पा शिंपी. जन्मभर पायाने मशीन चालवलेला माणूस, आता पोटऱ्या हाताच्या मुठीत मावायच्या. आई त्यांचं करून करून थकली होती. एका संध्याकाळी तिने तेलाची वाटी माझ्या हातात ठेवली.

"बस जरा त्यांच्यापाशी. पायांना तेल लाव आणि प्रार्थना कर. त्यांना भीती वाटते गं. बोलून दाखवत नाहीत एवढंच."

मी बसले. ओठ हलवायला लागले. तेवढ्यात माझा अंगठा त्यांच्या घोट्यावरून घसरला आणि मागच्या खळग्यात जाऊन थांबला. अगं बाई! हाच तो खळगा, जो मला लाकडात सापडत नव्हता. हाडावर कातडी कशी ताणली जाते, शीर कुठून वळते, सगळं बोटांखाली आयतं होतं. प्रार्थना कुठल्या शब्दावर सुटली ते आठवत नाही.

मग रोजचंच झालं. आधी पाय, मग नडग्या. "छातीलाही लावते पप्पा, बरं वाटेल," असं म्हणत बरगड्यांपर्यंत पोचले. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटणारे, आणि बोटं आपली पाठांतर करत असायची. तिथून उठले की हात पुसत थेट शेड. बरं होतं, लाकूड जास्तीचं होतं. कमी करता येतं, वाढवता येत नाही. येशू दिवसेंदिवस वाळत चालला आणि माझी भूक वाढत चालली.

आई दारात उभी राहून डोळे पुसायची. "पोरीच्या हाताला गुण आहे हो," असं शेजारणीला सांगायची. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा वाटी घेऊन हजर.

आणि मग पप्पा जेवायला लागले. पेज गेली, पोळी आली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता मला घाबरवणं बंद करा." आई एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मी बरगड्यांवर हात ठेवला. कालपर्यंत जिथे बोट रुतायचं, तिथे मांस भरत होतं. लाकडात उजवी बाजू अजून व्हायची होती. माझ्या मनात आलं, अगदी स्पष्ट शब्दांत आलं, की अजून थोडे दिवस असेच राहिले असते तर काय बिघडलं असतं?

स्वतःच्या बापाबद्दल. शेडमध्ये जाऊन मी कुऱ्हाड उचलली, त्या येशूचे तुकडे करायला. केले नाहीत. आठवणीवर उजव्या बरगड्या पुऱ्या केल्या. मी ही अशी आहे.

मूर्ती चर्चमध्ये लागली त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. मिस्साची उपासना संपल्यावर लोक रांगेने येऊन तिच्या पायांचं चुंबन घ्यायला लागले. फादर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "केलीत ना प्रार्थना?" मी आपली मान डोलावली.

पप्पांची पाळी आली. काठी टेकत ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. ते काय बघतायत म्हणून मीही वाकून बघितलं. एकाच खिळ्यात ठोकलेल्या दोन पायांतला वरचा पाय डावा होता. त्याचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. जन्मभर मशीन चालवून पप्पांचं चढलंय, तसंच. शपथेवर सांगते, मी ठरवून केलं नव्हतं. हाताने परस्पर केलं होतं. सगळं गाव माझ्या बापाच्या पायाचं चुंबन घेत होतं.

"अहो, पुढे व्हा, लोक थांबलेत," मागून आई म्हणाली. पप्पांनी ओठ लावले नाहीत. त्या बोटावरून हलकेच अंगठा फिरवला आणि पुढे गेले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून वाटी मागवली. "ये, सुतारीण." लाडात असले की ते मला असंच म्हणतात. आज लाडात होते की नाही, कळेना. मी डावा पाय मांडीवर घेतला.

"तेव्हा प्रार्थना करत होतीस?"

"नाही."

"माहितीय. जन्मभर लोकांची मापं घेतली मी. मापाचा हात मला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. अगं, माप घेताना गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलावे लागतात. नाहीतर त्याला वाटतं, आपण माणूस नाही, नुसतं कापड." त्यांनी चादर पोटापर्यंत ओढली. "तेव्हा मला फार भीती वाटायची."

मला रडूच फुटलं. इथे थांबले असते तर माफी मिळाली असती, हेही मला कळत होतं. पण ती अर्ध्याच गुन्ह्याची झाली असती.

"पप्पा, तुम्ही बरे व्हायला लागलात ना, तेव्हा मला राग आला होता. माझ्या बरगड्या राहिल्या होत्या."

पप्पांनी पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला आणि चादरीखाली नेला. भिंतीकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात आई भांडी विसळत होती. माझे तेलकट हात मांडीवर तसेच पडून होते, त्यांना करायला काही नव्हतं. देवा, असं मनात आलं. पुढचा शब्द सुचला नाही, आणि ओठही हलले नाहीत.

बऱ्याच वेळाने चादर हलली. उजवा पाय बाहेर आला.

"हा राहिलाय," पप्पा म्हणाले. "आणि गप्प बसू नकोस."