बिनफेसाची पावडर

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांत कपडे धुण्याच्या पावडरचं पाकीट फाडून, उलटं करून झटकलं जातं. आत काही उरलेलं नाही हे झटकणाऱ्याला माहीत असतं, तरी तो झटकतो. धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात राहणारी रंभाही तेच करायची. गंमत अशी की तिच्या घरामागे रिठ्याची दोन झाडं होती. त्यांचे रिठे ती पोत्यानं व्यापाऱ्याला विकायची आणि आठवडी बाजारातून पावडरचं पाकीट घेऊन घरी यायची. यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटत नाही.

ते वाटायची वेळ आली वसतिगृहाच्या कामामुळे. तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या मॅडमनी रंभाच्या बचत गटाला चाळीस चादरी धुवायला दिल्या आणि शनिवारी परत मागितल्या. चादरी पसंत पडल्या तर वर्षभराचं धुणं गटाला, नाही तर शहरातल्या लाँड्रीला. धान कापून झालं की तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत गटातल्या पाचही जणींच्या हाताला काम नसे. हे काम रंभानं मॅडमच्या मागे लागून, शब्द देऊन मिळवलं होतं. पण एवढ्या चादरींना पाकिटातली पावडर घातली असती, तर मजुरी सगळी पावडरीतच विरघळली असती.

म्हणून रंभानं घरीच पावडर करायचं ठरवलं. मोबाईलवर तिनं कृती पाहिली होती. साबणाची वडी किसायची, रिठ्याची पूड घालायची आणि सोडा मिसळायचा. बुधवारच्या बाजारात तिनं किराणावाल्याकडे चार किलो सोडा मागितला. तो म्हणाला, "लग्न हाय का बाई घरी?" रंभाला वाटलं, हा आपली मस्करी करतोय. तिनं पिशवी उचलली आणि घर गाठलं.

गुरुवारी दहा चादरी धुतल्या. मुली डोक्याला तेल चोपडून झोपणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक चादरीला उशाकडे तेलकट डाग होता. धुऊन वाळल्यावरही तो तसाच राहिला, उलट आजूबाजूचं पांढरं मळकट झालं. गटातली सगळ्यात मोठी इतवारी, जिची जीभ विळ्यासारखी चालायची, तिनं चादर सगळ्यांसमोर उजेडात धरली. आपण जंगलातल्या बाया, कंपनीची बरोबरी करायला निघालो, असं ती म्हणाली. आता पदरमोड करून पाकिटं आणावी, असं बाकीच्यांचंही मत पडलं. डागापेक्षा इतवारीचं बोलणं रंभाला जास्त लागलं, कारण मनातून तिलाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात शेजारचे वामनराव आले. हे गृहस्थ धानोऱ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर होते. तीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या आणि चंचुपात्रं धुतली आणि धुता धुता सगळं रसायनशास्त्र ऐकलं. त्यांनी पिशवीतला सोडा चिमटीत घेतला, जिभेच्या टोकाला लावला.

"बाजारात काय मागितलं तू?"

"सोडा, भाऊ."

"कोणता?"

रंभाला प्रश्नच कळेना. सोड्यात कोणता काय असतो? वामनराव हसले. भज्यात घालतात तो खायचा सोडा वेगळा आणि कपड्यांचा, धुण्याचा सोडा वेगळा. पूर्वी बाया बाजारात दोन्ही नावं घेऊन मागायच्या. पाकिटं आली, धुण्याचा सोडा कोणी घेईनासं झालं आणि मग तो शब्दच गावातून गेला. रंभाच्या तोंडी उरला नुसता सोडा, म्हणून किराणावाल्याला लग्नाची भजी दिसली.

पण कळून उपयोग काय? पुढचा बाजार बुधवारी आणि चादरी द्यायच्या शनिवारी. रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. वामनरावांनी तिला चूल पेटवून मोठी कढई ठेवायला सांगितली. खायचा सोडा त्यात ओतला आणि उलथन्यानं हलवायला लावला. थोड्या वेळानं कोरडी पूड पाण्यासारखी खदखदायला लागली. वाफ निघाली. बाया मागे सरकल्या. हळूहळू खदखद थांबली आणि पूड निपचित बसली.

"तापवलं का यातलं पाणी अन् वायू उडून जाते. झाला धुण्याचा सोडा," वामनराव म्हणाले.

कोणाचा विश्वास बसेना. रंभानं साबणाचा कीस, रिठ्याची पूड आणि हा भाजलेला सोडा गरम पाण्यात कालवला, रिठ्याचा मळकट चोथा कपड्याला लागू नये म्हणून पाणी फडक्यातून गाळलं आणि त्यात तेलानं माखलेली चिंधी टाकली. थोड्या वेळानं चोळून बाहेर काढली, तर तेल गेलेलं! तिनं ती चिंधी दोनदा नाकाला लावून पाहिली.

रिठ्याचा आणि साबणाचा जो थोडा फेस आला होता, तो तेलानं बसला होता. इतवारी मात्र बादलीत डोकावून म्हणाली, "पण फेस कुठी हाय? बिनफेसाची पावडर काय कामाची?"

वामनराव बाजेवर टेकले. "तीस वर्षं काच धुतली मी, इतवारीबाई. फेस कपड्यासाठी नसते, आपल्या डोयांले बरं दिसावं म्हणून असते. टीव्हीवाल्यानं सांगतलं का फेस म्हणजे सफाई, आपण मानलं. पोतंभर रिठे आपण विकतो अन् मूठभर पावडर रंगीत पाकिटात घेऊन येतो. घरी बनवली तर आपल्यालेच लाज वाटते. काऊन? चीज खराब हाय म्हणून? नाई. आपली हाय म्हणून."

पदर खोचून इतवारीनं पहिली चादर बादलीत टाकली.

शुक्रवारी पाचही जणी राबल्या. गाळलेल्या गरम पाण्यात चादरी भिजल्या, चोळल्या गेल्या, तीन पाण्यांनी निघाल्या आणि खळ्याच्या कुंपणावर ओळीनं वाळल्या. एवढ्या पांढऱ्या चादरी त्या गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. पण चादरींच्या घड्या घालताना रंभानंच सगळ्यांना बजावलं की, मॅडमनी विचारलं तर कंपनीचं नाव सांगायचं. घरची म्हटलं तर काम जाईल.

शनिवारी मॅडमनी एकेक चादर उलगडली, उशाकडची बाजू निरखली आणि वास घेतला. मग विचारलं, "कोणती पावडर वापरता?"

इतवारीनं रंभाला कोपरानं ढोसलं. पाकिटाचं नाव रंभाच्या ओठावर आलं. वर्षभराचं काम त्या एका नावावर होतं. पण खोटं नाव घेतलं तर जिंकणार होती कंपनी, आणि या पाच जणींचे सोललेले हात कुठेच नसणार होते. रंभानं मान वर केली.

"घरची हाय, मॅडम. आमच्याच रिठ्यांची. आमी बनवली."

मग भज्याचा सोडाही तिनं लपवला नाही. मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. वर्षभराचं काम तुमचंच, असं त्या म्हणाल्या. शिवाय मुली आपल्या कपड्यांसाठी पावडरच्या सुट्ट्या पुड्या विकत आणतात, त्यांनाही हीच पावडर करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. एक काम मागायला गेलेल्या बाया दोन कामं घेऊन निघाल्या! आणि परतीच्या एसटीत कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत, कोणी विचारो न विचारो, इतवारी एकच सांगत होती, "आमची पावडर हाय. फेस येत नाई तिले."

मित्रहो, पैसे वाचवायला घरी पावडर करा, जरूर करा. पण रंभानं त्या दिवशी पैशांहून मोठी गोष्ट वाचवली. आपल्या हातच्या वस्तूची आपल्यालाच वाटणारी लाज हा फार चिवट डाग असतो. तो कुठल्याही पावडरनं निघत नाही. चार लोकांत ताठ मानेनं 'ही आमी बनवली' म्हणावं लागतं, तेव्हाच तो निघतो.