तिघांचं एकच उत्तर

"नर्सला रिकामी खाट शोधत वॉर्डभर फिरावं लागू नये..." मी सुरुवात केली.

"...म्हणून आम्ही खाट नर्सपर्यंत आणली," समोरच्या चष्मेवाल्याने माझं वाक्य पुरं केलं. "हो ना? बोला, बोला पुढे. आज तिसऱ्यांदा ऐकतोय मी हे."

शेजारी बसलेल्या एचआरच्या मॅडम हसल्या. हसू वाईट नव्हतं त्यांचं. पण पुढचं वाक्यही त्यांना ठाऊक असणार होतं, आणि त्याच्या पुढचंही. ती सगळी वाक्यं माझी होती. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून मीच ती माझ्या गटातल्या दोघांकडून घोटून घेतली होती.

आमचा प्रोजेक्ट तिघांचा. म्हणजे कागदावर तिघांचा. एक मी. दुसरा वकील. वकिली शिकलेला नाही हो, पण तोंड असं की सरांनी वर्गाबाहेर काढलं तर दारापर्यंत जाता जाता सरांचीच समजूत घालून परत जागेवर येऊन बसायचा. तिसरा पेंगुळ. त्याच्याबद्दल वेगळं काय सांगायचं, नावातच सगळं आलं. माझी आई दवाखान्यात नर्स आहे. तिच्या दुपारपाळीला मी बरोबर जायचे आणि औषधांच्या कपाटाशेजारी स्टूल टाकून प्रोग्रॅम लिहायचे. कुठली खाट भरलेली, कुठली रिकामी, कुणाला हलवलंय, हे सगळं पडद्यावर दिसायचं. वकिलाने अहवालाचं मुखपृष्ठ केलं. पेंगुळाने चहा आणून दिला, तोही निवलेला.

आता कुणी म्हणेल, मग त्यांना शिकवायची हौस कशाला? हौस कसली! आमच्या कॉलेजात निम्मे प्रोजेक्ट फाटकासमोरच्या दुकानातून तयार यायचे. त्यामुळे तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक गटातल्या एकेकाला वेगळं बोलवायचे आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे. उत्तरात जरा फरक पडला की संपलं. प्रोजेक्ट विकतचा, सगळ्यांचेच गुण कापा. म्हणून आमच्याकडे हुशार गट कोणता, तर ज्याच्या तिघांचं उत्तर शब्दन् शब्द एक. आम्ही असेच पहिले आलो होतो. तेव्हापासून पोरं मला मास्तरीण म्हणायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

कॉलेजात येणारी ही शेवटची कंपनी. नुकतीच पदवी मिळालेल्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायचे, एक वर्ष शिकवायचे आणि मग नोकरीत कायम. यंदा पास झालेलेच चालणार, पुढच्या वर्षी दार बंद. इथे नाही झालं तर माझ्यासाठी मामाच्या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात खुर्ची ठेवलेलीच होती. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द मामाचा. "मुलीच्या जातीला दुकान काय वाईट? सावलीतलं काम आहे," असं तो प्रत्येक जेवणाला म्हणायचा. मी प्रत्येक जेवणाला मान खाली घालून जेवायचे. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. बस्स, एवढंच हवं होतं मला आयुष्याकडून त्या दिवशी.

म्हणून मी दोघांना कॅन्टीनमध्ये बसवलं. कंपनीवालेही परीक्षकांसारखी उत्तरं जुळवून बघणार, असंच मी धरून चालले होते. "हे बघा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. कुणी लिहिला विचारलं तर म्हणायचं, लिहिला मी, पण टीमशिवाय जमलं नसतं."

"तिघांनीही?" पेंगुळाने डोळे किलकिले करून विचारलं.

"मग काय, एकाने म्हणायचं आणि दोघांनी माना हलवायच्या? पकडले जाऊ ना!"

वकील हसला. "मास्तरीणबाई, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

मुलाखती अर्जांच्या क्रमाने होत्या. अर्ज तिघांचेही मीच भरले होते, आधी वकिलाचा, मग पेंगुळाचा आणि शेवटी स्वतःचा. म्हणून मी शेवटी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सर," मी चष्मेवाल्याला म्हटलं, "हा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"पण टीमशिवाय जमलं नसतं," तो म्हणाला.

त्या दोघांविरुद्ध बोलावं तर ती चुगली. नाही बोलावं तर दुकान.

मग मला वाटलं, लिहिणाऱ्यालाच माहीत असेल असं काहीतरी सांगावं. "सर, यात एक दोष आहे. एका पेशंटला दुसऱ्या खाटेवर हलवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणी त्याच्या जुन्या खाटेवर डिस्चार्ज नोंदवला, तर नवी खाट रिकामी दिसते. माणूस खाटेवर झोपलेला असतो आणि पडद्यावर खाट हिरवी. आईच्या वॉर्डात एकदा खरंच तसं झालं. मी अजून ते नीट करू शकले नाहीये."

चष्मेवाला पहिल्यांदाच पुढे सरकला. त्याने खरोखर ऐकलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, सुटले.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "पहिल्या उमेदवाराला मी मुद्दाम विचारलं होतं, काही उणिवा? त्याने ठामपणे सांगितलं, एकही नाही."

"त्याला माहीत नाही सर."

"का माहीत नाही?" हे मॅडमनी विचारलं, अगदी गोड आवाजात. "दोष तुम्हाला माहीत होता. पेशंटच्या खाटेचा प्रश्न होता. आणि तुम्ही तुमच्या टीमला सांगितला नाही?"

सांगितला नव्हता. वकील तो कुठेही बरळला असता आणि पेंगुळाला समजला नसता, म्हणून नव्हता सांगितला. पण हे त्या खोलीत कसं बोलायचं? मी "नाही मॅडम" एवढंच म्हणाले. मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते उलट बाजूने वाचायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही, पण ती ओळ लांब होती.

संध्याकाळी सभागृहात निकाल वाचला. आमच्या तिघांतून एकच. वकील.

पोरांनी त्याला उचलून धरलं. खाली उतरला तसा थेट माझ्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मात्र खरं होतं. "अगं, तुझं कसं नाही झालं? तू काय बोललीस आत?"

"तू काय बोललास?"

"जे तू शिकवलंस तेच."

यावर काय भांडणार? चोर असता तर गळा धरला असता त्याचा. मी स्वतः उठून दार उघडलं होतं, पाट मांडला होता आणि वर बसा म्हटलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर बीळ खणून देणारीही मीच. मागून पेंगुळ आला. "सुटलो बाबा. मला तर त्या मॅडमना बघूनच झोप आली," म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. ते हसू आजही मला टोचतं.

घरी पोचले तेव्हा आई नुकतीच दवाखान्यातली पाळी संपवून आली होती. पांढरा गणवेश अंगावरच होता, एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"अगं पण तू तो माझ्यासमोर बसून लिहिलास ना!" ती म्हणाली. "मी बघितलंय. आमच्या सिस्टरनी बघितलंय. चल, मी येते. मी सांगते त्यांना." आणि खरंच हातातली चप्पल तिने परत पायात घातली. "गेले असतील का गं ते? अजून असतील तिथेच. चल ना."

"तुझं कोण ऐकणार आहे तिथे?" मी ओरडले. "वेडी आहेस का तू? आई घेऊन कुणी मुलाखतीला जातं का?"

ती उंबऱ्यातच उभी राहिली. मग हळूच चप्पल काढली, दोन्ही नीट भिंतीला लावून ठेवल्या आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. भांडी स्वच्छच होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसायला हवं होतं. बसले नाही. स्वतःचाच इतका राग आला होता की दुसऱ्या कुणाजवळ बसवेना.

मामा जेवायला आला तेव्हा त्याला आईने सांगितलं. तो काही टोचून बोलला नाही, हेच जास्त लागलं. "जाऊ दे. सोमवारपासून ये," एवढंच म्हणाला आणि जेवू लागला.

आता दुकानात बसते. रबरी वायसर, बेअरिंग, सील, पट्टे. काम सावलीतलं, मामा म्हणतो ते खरंच आहे. वकिलाने गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला फोटो पाठवला, खाली हात जोडलेले. मी "अभिनंदन" असं लिहिलं. दोनदा पुसून लिहिलं, पण लिहिलं.

परवा एक गृहस्थ आले. मामाच्या ओळखीचे, तोंडभर हसणारे. मला बघून म्हणाले, "ही कोण?"

"भाची माझी. कॉम्प्युटर इंजिनियर आहे," मामा म्हणाला. छाती फुगवून म्हणाला अगदी.

"अरे वा! मग इथे कशी?"

मामाने पट्ट्यांचा गठ्ठा उगाचच उचलला आणि परत ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुट्टीत आलीय चार दिवस."

माझ्यासाठीच खोटं बोलत होता बिचारा. जन्मभर ज्या दुकानाचं कौतुक केलं, त्याच दुकानाची त्याला माझ्यापायी लाज वाटत होती. मला ते सहन झालं नाही.

"सुट्टी नाही काका," मी म्हटलं. "कामाला आहे मी इथे. कोणता पंप आहे तुमचा?"

गृहस्थ गडबडले. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं तुटकं सील काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते उजेडाकडे धरलं आणि माप घ्यायला पट्टी हातात घेतली.