मोजल्याशिवाय सही नाही

तिने पेनाचं टोपण परत लावलं आणि कागद टेबलावर पुढे सरकवला.

"खाली सही राहिली," फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या.

"वाचते आहे."

वाचून केव्हाच झालं होतं. इंग्रजीत एकच ओळ होती: तीन महिन्यांत मेजरेबल सुधारणा नाही, सबब उपचार थांबवावेत. सही झाली की लेकीची मंगळवारची वेळ दुसऱ्या कुणाला जाणार. चार वर्षांची लेक चटईवर उजव्या हाताने ठोकळे रचत होती. जन्मापासून कमजोर असलेला डावा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

सासूबाई बाकावरून कुजबुजल्या, पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा. "कर गं सही. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मॅडम, मेजरेबल म्हणजे तुम्ही काय धरलंत?"

"म्हणजे... डोळ्यांत भरण्यासारखी."

"नाही. मोजता येण्याजोगी. डोळ्यांत भरो न भरो, काटा केसभर सरकला तरी ती मेजरेबलच."

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "हिचं कॉलेज अजून सुटलेलं नाही."

"आणि तशी सुधारणा नाही म्हणायचं, तर आधी मोजायला हवं. तुम्ही कधी मोजलंत?"

मॅडमनी फाइल उघडली. तीन महिन्यांचे तीन रकाने, तिन्हींत चार. त्या तिन्ही वेळा ती याच खोलीत होती. मुठीची ताकद मोजायचा रबरी फुगा आणि त्याची तबकडी दिसली की लेक भोकाड पसरायची, आणि मॅडम म्हणायच्या, राहू दे आज.

"रडते हो ती," मॅडमचा आवाज उतरला. "म्हणून पहिल्या दिवशी मोजलेलाच आकडा पुढे ओढला. वाईट हेतू नव्हता."

"आज मोजा."

"रडेल."

"रडू दे. मी आहे."

लेकीने भोकाड पसरलंच. तिने तिला मांडीत घेतलं, फुगा डाव्या तळव्यात ठेवला, एकेक बोट त्यावर मिटलं आणि आपला हात काढून घेतला.

"दाब, ठमे. चेंगर त्याला."

दोन हुंदक्यांच्या मध्ये फुगा जरासा चेपला. काटा निघाला, थरथरला आणि अडीचवर थांबला.

लेकीला आंघोळ घालताना, तो हात साबणाने चोळताना, तिला हीच भीती वाटायची.

"चारच राहू देते," मॅडम हलकेच म्हणाल्या. "अडीच बरं दिसत नाही."

"अडीच लिहा."

"अगं, त्या एवढं म्हणतायत तर..." सासूबाई म्हणाल्या.

"अडीच. आणि आजची तारीख घाला."

मॅडमनी लिहिलं. सासूबाई उठल्या, पदराने चष्मा पुसून त्यांनी रकाना नीट पाहिला. मग मॅडमकडे वळल्या.

"चाराचे अडीच झाले, आणि तुम्ही थांबवा म्हणता?"

तिने बिनसहीचा कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि लेकीचं नाक पुसलं.

"मंगळवारी नेहमीच्या वेळी येतो," दाराशी थांबून ती म्हणाली. "फुगा आधीच बाहेर काढून ठेवा."